कंटेनर सेवा कोडमधून उभारताना: इंदूरच्या अभ्यासवर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये आम्ही काहीजण रविवारी सकाळी मराठीतून एक अभ्यासवर्ग चालवतो. कंटेनरमध्ये (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र ठेवणाऱ्या बंद डब्यात) बांधलेली सेवा क्लाउडवर कशी चढवायची आणि तिच्याभोवतीची सगळी रचना फाईलींमध्ये कशी लिहायची, एवढाच विषय. येणाऱ्यांत एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजातली आणि देवी अहिल्या विद्यापीठातली मुलं असतात, आयटी पार्कमध्ये सपोर्टचं काम करणारे असतात, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरीकडे वळणाऱ्या ताई असतात. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: गणेशोत्सव मंडळाच्या कार्यक्रमांची नावनोंदणी करणारी एक छोटी वेबसेवा आणि तिच्यामागे पोस्टग्रेस डेटाबेस.

यात नेमकं शिकायचं काय आहे?

दोन वेगळी कामं आहेत. पहिलं, सेवा आणि तिला लागणारं सगळं एका इमेजमध्ये, म्हणजे कंटेनर ज्यावरून चालू होतो त्या साच्यात, बांधणं. २०१३ मध्ये डॉकर आल्यापासून ते बरंच सोपं झालं आहे. दुसरं, ती इमेज जिथे चालणार तिथलं नेटवर्क, लोड बॅलन्सर (आलेल्या विनंत्या कंटेनरांत वाटणारा), परवानग्या, लॉग, डेटाबेस हे सगळं फाईलीत लिहून एखाद्या साधनाकडून उभारून घेणं. पहिलं काम थोड्या सरावाने कामापुरतं येतं. दुसऱ्याला वेळ लागतो, आणि या पानावरचे बहुतेक प्रश्न त्याचेच आहेत.

आधी काय यायला हवं?

लिनक्सच्या टर्मिनलवर न बिचकता वावरता यावं, गिटमध्ये शाखा काढून बदल जोडता यावेत, आणि नेटवर्कची तोंडओळख असावी: आयपी पत्ता, पोर्ट, डीएनएस, आणि '१०.०.०.०/१६' असं दिसलं की त्यात ६५,५३६ पत्ते मावतात हे समजणं. प्रोग्रामिंगमध्ये पारंगत असण्याची गरज नाही. नेटवर्क मात्र टाळू नका. वर्गात लोक अडतात ते टेराफॉर्म या रचना उभारणाऱ्या साधनापाशी कमी, सबनेट (नेटवर्कचा लहान भाग) आणि पोर्टपाशी जास्त.

क्लाउडच्या कन्सोलवर (ब्राउझरमधल्या नियंत्रणाच्या पानावर) बटणं दाबून सगळं लवकर होतं. मग फाईली कशाला लिहायच्या?

पहिल्यांदा बटणांनीच लवकर होतं, हे खरं आहे. प्रश्न दुसऱ्यांदा येतो. आपल्या शहरातलं नेहमीचं चित्र बघा: एखाद्या लहान कंपनीत एका हुशार मुलाने सगळं उभं केलं, वर्षभराने त्याला पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरी लागली आणि तो गेला. मागे राहिलेल्यांना कोणता पोर्ट का उघडा आहे, कोणती परवानगी कोणासाठी दिली होती, डेटाबेसचा बॅकअप चालू आहे की नाही, काहीच सांगता येत नाही. कोणी कशाला हात लावायला धजत नाही. त्या मुलाने कामात कसूर केली असं नाही. त्याचं ज्ञान त्याच्याबरोबर गेलं, इतकंच.

रचना फाईलीत असेल तर प्रत्येक निर्णय वाचता येतो, गिटच्या इतिहासात तो कधी आणि का घेतला ते सापडतं, आणि चाचणीसाठी अगदी तशीच दुसरी प्रत उभी करता येते. आम्ही वर्गात एकच कसोटी लावतो: तुम्ही गावाला गेलेले असताना, तुम्हाला फोन न करता, तुमच्या रिपॉझिटरीवरून (गिटमधल्या फाईलींच्या संचावरून) दुसऱ्या कोणाला ही सेवा पुन्हा उभी करता येईल का? खालची सगळी उत्तरं याच कसोटीवरून दिली आहेत.

टेराफॉर्म शिकू, ओपनटोफू शिकू की आणखी काही?

टेराफॉर्म हॅशिकॉर्पने २०१४ मध्ये आणलं. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने त्याचा मुक्त परवाना बदलून बिझनेस सोर्स परवाना लावला. त्यावरून समुदायाने वेगळी शाखा काढली, ती ओपनटोफू; ती लिनक्स फाउंडेशनकडे आहे आणि तिची पहिली स्थिर आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली. पुढे २०२५ मध्ये हॅशिकॉर्प आयबीएमकडे गेली. शिकणाऱ्याच्या दृष्टीने दोघांची भाषा आणि आज्ञा जवळपास सारख्याच आहेत. एक आलं की दुसरं आलंच. नोकरीच्या जाहिरातींत टेराफॉर्मचं नाव जास्त दिसतं, म्हणून आम्ही तेच नाव वापरतो.

क्लाउडफॉर्मेशन हे अशाच कामाचं साधन फक्त ॲमेझॉनच्या क्लाउडपुरतं आहे. पुलुमीत पायथॉन किंवा टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिता येतं. ज्यांचा हात प्रोग्रामिंगमध्ये बसलेला आहे त्यांना ते आवडेल. सुरुवातीला एकच धरा.

आधी कुबरनेटीस शिकू का?

आमचं मत: नको. अनेक कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीस उत्तम आहे, पण त्यात स्वतःच्याच संकल्पनांचं मोठं जाळं आहे, आणि ते शिकताना खालचं नेटवर्क व परवानग्या झाकल्या जातात. आम्ही ॲमेझॉनच्या ईसीएस या कंटेनर चालवणाऱ्या सेवेवर फार्गेट पद्धतीने सुरुवात करतो. त्यात सर्व्हर सांभाळावे लागत नाहीत, पण सबनेट, सिक्युरिटी ग्रुप (कोणाला कोणता पोर्ट उघडा ते ठरवणारे नियम), रोल (परवानग्यांचा संच), हेल्थ चेक (कंटेनर नीट चालतोय का याची तपासणी) सगळं उघड्यावर दिसतं. हे पक्कं झालेली माणसं पुढे कुबरनेटीस चटकन उचलतात.

माझ्याकडे क्रेडिट कार्ड नाही. तरी शिकता येईल?

हो, आणि बराच पुढपर्यंत. टेराफॉर्मला डॉकरचाच प्रोव्हायडर, म्हणजे त्याच्याशी बोलणारा जोड, मिळतो. तो वापरून स्वतःच्या लॅपटॉपवर नेटवर्क, व्हॉल्यूम, पोस्टग्रेसचा कंटेनर आणि नावनोंदणीच्या सेवेचा कंटेनर हे चारही घटक फाईलीतून उभे करता येतात. इनिट (तयारी), प्लॅन (काय बदलेल ते दाखवणं), अप्लाय (ते प्रत्यक्ष करणं), डिस्ट्रॉय (पाडणं), व्हेरिएबल, मॉड्यूल, स्टेट या सगळ्याची सवय इथेच होते, एक पैसा न खर्चता. कॉलेजातल्या मुलांना आम्ही आधी हेच करायला लावतो. क्लाउडवर गेल्यावर घटकांची नावं बदलतात, कामाची रीत तीच राहते.

बिल भरमसाठ येईल का? घरचे घाबरतात.

घरच्यांची काळजी रास्त आहे, तेव्हा खर्च कुठे होतो ते नीट समजून घ्या. छोटा कंटेनर स्वस्त असतो. फार्गेटवर पाव व्हीसीपीयू आणि अर्धा जीबी मेमरीपासून सुरुवात करता येते. पैसे जातात ते आजूबाजूच्या, तासावर आकार असलेल्या वस्तूंवर. नॅट गेटवे, म्हणजे खाजगी सबनेटमधून इंटरनेटवर जाण्याची वाट, हा त्यातला मुख्य. ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियाच्या दराने तो तासाला साडेचार सेंट घेतो, म्हणजे महिनाभर विसरला तर सुमारे ३३ डॉलर, त्यातून एक बाइटही गेला नाही तरी. लोड बॅलन्सरलाही तासाचा दर आहे. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट लागतो. भारतीय खात्यावर जीएसटी वेगळा.

यावर तीन उपाय, तिन्ही करा. खातं उघडल्या दिवशीच बजेटची सूचना लावा. सरावासाठी नॅट गेटवे टाळून कंटेनर सार्वजनिक सबनेटमध्ये ठेवा आणि सिक्युरिटी ग्रुप कडक करा. खऱ्या कामासाठी ही मांडणी बदलावी लागेल, शिकायला पुरते. आणि सराव संपला की डिस्ट्रॉय चालवा. १५ जुलै २०२५ नंतर उघडलेल्या नव्या खात्यांना २०० डॉलरपर्यंत क्रेडिट मिळतं आणि विनामूल्य योजना सहा महिने चालते. शिस्तीने वापरलं तर तेवढ्यात अभ्यास व्हायला हरकत नाही.

डिस्ट्रॉयबद्दल आणखी एक सांगायचं आहे. ते फक्त पैसे वाचवण्यासाठी नाही. आपण लिहिलेलं पाडून पुन्हा उभं केलं की त्यातला अपुरेपणा बाहेर येतो. ईसीआर या ॲमेझॉनच्या इमेज-साठ्यातल्या रिपॉझिटरीत इमेज शिल्लक असतील तर ती पुसली जात नाही, तसं मुद्दाम सांगून ठेवावं लागतं. सीक्रेट्स मॅनेजर या पासवर्ड ठेवण्याच्या सेवेतलं सीक्रेट काढून टाकलं तरी ते मुळात, म्हणजे वेगळं काही सांगितलं नसेल तर, ३० दिवस राखून ठेवलेलं असतं, त्यामुळे त्याच नावाने लगेच पुन्हा बनवायला गेलात की नकार येतो. सरावाच्या खात्यात ही मुदत शून्य ठेवा. असल्या गोष्टी पहिल्या अप्लायला दिसत नाहीत, दुसऱ्याला दिसतात.

कोणता रीजन निवडू?

मुंबई. ॲमेझॉनचा हा रीजन (डेटा सेंटरांचा प्रदेश) २०१६ पासून आहे. हैदराबादचा २०२२ मध्ये आला, तोही चालेल. फक्त रीजन व्हेरिएबलमध्ये ठेवा, जागोजागी लिहू नका.

पहिली सेवा कोणत्या क्रमाने उभी करू?

सगळं एका दमात लिहू नका. थोडं लिहा, प्लॅन वाचा, अप्लाय करा, मग पुढचं.

आधी ईसीआरची रिपॉझिटरी बनवून त्यात इमेज ढकला. मग व्हीपीसी (तुमचं खाजगी नेटवर्क) आणि दोन वेगळ्या अव्हेलेबिलिटी झोनमधले (एकाच रीजनमधल्या स्वतंत्र डेटा सेंटरांमधले) सबनेट; लोड बॅलन्सरला किमान दोन झोन लागतातच. त्यानंतर सिक्युरिटी ग्रुप. लोड बॅलन्सरच्या ग्रुपवर ४४३ पोर्ट जगाला उघडा, कंटेनरच्या ग्रुपवर ८०८० फक्त लोड बॅलन्सरच्या ग्रुपला उघडा, डेटाबेसच्या ग्रुपवर ५४३२ फक्त कंटेनरच्या ग्रुपला. पत्ते न लिहिता ग्रुपने ग्रुपचा हवाला द्यायचा, ही साखळी वहीत एकदा हाताने काढून बघाच.

मग दोन रोल, आणि इथे गोंधळ ठरलेला. एक्झिक्युशन रोल ईसीएससाठी असतो: इमेज ओढणं, लॉग लिहायला सुरुवात करणं, सीक्रेट वाचणं. टास्क रोल तुमच्या कोडसाठी असतो: नावनोंदणीची पावती एस-थ्री या फाईली साठवण्याच्या सेवेत ठेवायची असेल तर ती परवानगी इथे. दोन्हींना एकच भरमसाठ अधिकारांचा रोल लावला तर चालतं, म्हणूनच लोक लावतात. लावू नका.

शेवटी लॉग ग्रुप, क्लस्टर, टास्क डेफिनिशन (कोणता कंटेनर कसा चालवायचा त्याचं वर्णन), टार्गेट ग्रुप (लोड बॅलन्सर विनंत्या ज्यांच्याकडे पाठवतो त्यांची यादी), लिसनर (लोड बॅलन्सर कोणत्या पोर्टवर ऐकतो ते) आणि सर्व्हिस (ठरलेले कंटेनर चालू ठेवणारी). फार्गेटसाठी टार्गेट ग्रुपचा प्रकार 'आयपी' हवा; मुळात तो 'इन्स्टन्स' असतो.

प्लॅनमध्ये नेमकं काय वाचायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. प्लॅनच्या शेवटी 'इतके जोडणार, इतके बदलणार, इतके पाडणार' असं वाक्य येतं. पाडणाऱ्यांचा आकडा शून्य नसेल तर थांबा आणि वर जाऊन प्रत्येक नाव बघा. '+' म्हणजे नवं, '~' म्हणजे जागच्या जागी बदल, '-' म्हणजे पाडणं, आणि '-/+' म्हणजे पाडून नव्याने बांधणं. या शेवटच्या खुणेबरोबर कोणत्या ओळीमुळे हे घडतंय तेही लिहिलेलं असतं.

खूण एकच, पण अर्थ वस्तूप्रमाणे बदलतो. टास्क डेफिनिशनवर '-/+' दिसलं तर घाबरायचं कारण नाही, तिची प्रत्येक आवृत्ती नवीच असते. तीच खूण डेटाबेसवर दिसली तर मंडळाची सगळी नावनोंदणी पुसली जाणार आहे. सिक्युरिटी ग्रुपच्या वर्णनातली साधी शुद्धलेखनाची चूक सुधारली तरी तो ग्रुप नव्याने बांधला जातो, आणि जुना वापरात असल्यामुळे पाडता न येऊन अप्लाय बराच वेळ लटकतो. अशा ठिकाणी 'आधी नवा बांध, मग जुना पाड' अशी लाइफसायकल सूचना लिहितात. डेटाबेसवर 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' आणि ॲमेझॉनचं डिलीशन प्रोटेक्शन, दोन्ही लावा.

अजून एक प्रसंग. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या (फिरते देखावे) निघतात, अवघं इंदूर रस्त्यावर असतं, आणि मंडळाच्या पानावर गर्दी होते. गर्दीप्रमाणे कंटेनरांची संख्या आपोआप बदलणाऱ्या ऑटोस्केलिंगने कंटेनर दोनाचे सहा केले. तेवढ्यात कोणी भलत्याच किरकोळ बदलासाठी अप्लाय चालवायला घेतलं. फाईलीत संख्या दोन लिहिलेली आहे, त्यामुळे प्लॅनमध्ये '६ वरून २' अशी ओळ येते. न वाचता 'यस' म्हटलं तर ऐन गर्दीत चार कंटेनर बंद. ऑटोस्केलिंग असेल तर त्या संख्येतल्या बदलाकडे दुर्लक्ष करायला टेराफॉर्मला आधीच सांगून ठेवतात.

म्हणूनच आम्ही वर्गात प्लॅन मोठ्याने वाचायला लावतो. लिहिणारा एक, वाचणारा दुसरा. सुरुवातीला संकोच वाटतो, पण यासारखा सराव नाही.

स्टेट फाईल म्हणजे काय? ती गिटमध्ये ठेवू का?

सियागंजातल्या घाऊक दुकानाची वही डोळ्यांसमोर आणा. तुमच्या फाईली म्हणजे मालकाला हवा असलेला साठा, क्लाउड म्हणजे गोदाम, आणि स्टेट म्हणजे वही. टेराफॉर्म वही उघडतं, गोदामात डोकावून ती ताजी करतं आणि मग काय आणायचं, काय काढायचं ते ठरवतं. कोणी कन्सोलवरून गुपचूप बदल केला तर पुढच्या प्लॅनमध्ये ती तफावत दिसते.

गिटमध्ये ठेवू नका. स्टेटमध्ये पासवर्डसारखी मूल्यं उघड अक्षरांत असू शकतात, आणि दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर ती बिघडते. एस-थ्री बकेटमध्ये ठेवा, बकेटचं व्हर्जनिंग चालू करा, कुलूप लावा. कुलपासाठी पूर्वी डायनॅमोडीबी या ॲमेझॉनच्या डेटाबेसमधलं वेगळं टेबल लागायचं, टेराफॉर्म १.१० पासून एस-थ्रीमध्येच कुलूप लावता येतं. जुन्या लेखांत टेबल दिसलं तर गोंधळू नका. प्रोव्हायडरच्या आवृत्त्या नोंदवणारी लॉक फाईल मात्र गिटमध्ये हवीच, तिचा स्टेटशी संबंध नाही.

इमेजला 'लेटेस्ट' टॅग दिला तर काय बिघडतं?

टास्क डेफिनिशनमध्ये 'लेटेस्ट' लिहिलं असेल तर नवी इमेज ढकलूनही फाईलीत काहीच बदललेलं नसतं, प्लॅन रिकामा येतो. शिवाय मागे फिरायचं झालं तर कुठे फिरायचं? गिट कमिटचा क्रमांक टॅग म्हणून द्या आणि ईसीआरमध्ये टॅग न बदलता येण्याची सोय चालू करा.

अप्लाय यशस्वी झालं, पण पान उघडत नाही. आता?

अप्लाय यशस्वी म्हणजे ॲमेझॉनने मागणी स्वीकारली. सर्व्हिस स्थिर होईपर्यंत टेराफॉर्म मुळात थांबत नाही. थांबवायचं असेल तर तसं लिहावं लागतं. त्यामुळे शोध बाहेरून आत घ्या.

ब्राउझरमध्ये ५०३ दिसतंय? टार्गेट ग्रुपमागे कोणी नाही, बहुधा कंटेनर उभेच राहत नाहीत. ५०२? कंटेनरशी बोलणं सुरू होऊन मोडतंय. ५०४? उत्तर वेळेत येत नाही. सिक्युरिटी ग्रुपची साखळी तपासा.

कंटेनर मरत असतील तर ईसीएसमध्ये थांबलेल्या टास्कचं कारण वाचा, आणि लगेच वाचा, कारण त्या नोंदी फार वेळ राहत नाहीत. इमेज ओढता आली नाही असं असेल तर इंटरनेटची वाट नाही किंवा एक्झिक्युशन रोल अपुरा आहे. एक्झिट कोड १३७ असेल तर कंटेनर बळाने मारला गेला, बहुतेक वेळा मेमरी कमी पडून. कोड १ असेल तर दोष तुमच्या प्रोग्रामचा, लॉग बघा.

आणि कंटेनर ठणठणीत चालतोय, लॉगही छान, तरी हेल्थ चेक नापास? तेव्हा दोन संशयित. सेवा १२७.०.०.१ वर (फक्त कंटेनरच्या आतल्यांसाठी) ऐकत असेल, तिला ०.०.०.० वर (बाहेरच्यांसाठीही) ऐकवा. किंवा हेल्थ चेक '/' वर जातोय आणि तिथून सेवा लॉगिनच्या पानाकडे ३०२ ने वळवते, तर चेकला मुळात २०० च हवा असतो. हेल्थ चेकसाठी वेगळा साधा पत्ता ठेवा.

नव्या मॅकवर चालतं, क्लाउडवर 'एक्झेक फॉरमॅट एरर' येतो.

इमेज आर्म प्रोसेसरसाठी बांधली गेली आणि फार्गेट एक्स८६ वर चालवतंय. बांधताना प्लॅटफॉर्म स्पष्ट सांगा, किंवा टास्क डेफिनिशनमध्ये आर्म निवडा.

पासवर्ड कुठे ठेवायचे?

इमेजमध्ये नाही, गिटमध्ये नाही, टास्क डेफिनिशनच्या साध्या एन्व्हायर्नमेंट मूल्यांतही नाही, कारण ती कन्सोल बघणाऱ्या कोणालाही वाचता येतात. सीक्रेट्स मॅनेजर किंवा पॅरामीटर स्टोअरमध्ये ठेवून टास्क डेफिनिशनमध्ये फक्त हवाला द्या. आरडीएस या ॲमेझॉनने सांभाळलेल्या डेटाबेसचा मुख्य पासवर्ड ॲमेझॉनलाच बनवायला आणि सांभाळायला सांगता येतो, मग तो स्टेटमध्ये येतच नाही.

नवी आवृत्ती चढवताना नावनोंदणी थांबू नये, त्यासाठी काय करू?

ईसीएस मुळात आधी नवे कंटेनर उभे करतं आणि ते निरोगी ठरल्यावर जुने काढतं. त्यात सर्किट ब्रेकर (फसलेली चढवणी थांबवणारी सोय) आणि आपोआप मागे फिरणं चालू करा. दुर्लक्षित राहतो तो जुन्या कंटेनरचा निरोप. त्याला आधी 'सिगटर्म' संकेत मिळतो आणि ३० सेकंदांत तो स्वतःहून थांबला नाही तर मारला जातो. डॉकरफाईलमध्ये (इमेज कशी बांधायची ते सांगणाऱ्या फाईलीत) आज्ञा साध्या ओळीत लिहिली तर मध्ये शेल बसते आणि संकेत तुमच्या प्रोग्रामपर्यंत पोचतोच असं नाही; आज्ञा कंसातल्या यादीच्या रूपात लिहा. प्रोग्रामने संकेत मिळताच हातातली कामं संपवून बाहेर पडावं.

डेटाबेसही कंटेनरमध्ये ठेवू का?

लॅपटॉपवर जरूर. लोकांची खरी माहिती असेल तर आरडीएस घ्या.

एआयकडून टेराफॉर्म लिहून घेतलं तर चालेल?

चालेल, पण प्रत्येक ओळ तुम्हाला दुसऱ्याला समजावता आली पाहिजे. अशा कोडमध्ये दोन गोष्टी मुद्दाम शोधा: सगळ्या जगाला उघडे ठेवलेले पोर्ट आणि परवानग्यांमधला '*', म्हणजे 'सगळंच'. जुन्या प्रोव्हायडरची, आता काढून टाकलेली मांडणीही बऱ्याचदा येते. प्लॅन वाचण्याचं काम मात्र स्वतःच करा. त्याची जबाबदारी सही करणाऱ्याचीच असते.

इंग्रजी कच्चं आहे. मराठीतून शिकून पुढे अडचण येईल का?

त्रुटींचे संदेश आणि दस्तऐवज इंग्रजीतच आहेत, ते वाचावेच लागतील. पण नेटवर्कची साखळी किंवा स्टेटचं काम ज्या भाषेत विचार करता त्या भाषेत समजलं की इंग्रजी संदेश ओळखीचे वाटू लागतात. प्रश्न मराठीत विचारा, हिंदी मिसळली तरी चालेल. इंदुरात आपण सगळे तसेच बोलतो.

नोकरीसाठी प्रमाणपत्र घेऊ का?

हॅशिकॉर्पचं टेराफॉर्म असोसिएट घेतलंत तर अभ्यासाला दिशा मिळते. ते दोन वर्षं वैध असतं. पण मुलाखतीत खरी मदत करते ती तुमची रिपॉझिटरी. रीडमीमध्ये काय उभं राहतं, अंदाजे खर्च किती, कसं पाडायचं हे लिहा. मग ती मित्राला द्या, त्याच्या रिकाम्या खात्यावर चालवायला सांगा आणि तुम्ही शेजारी गप्प बसा. तो जिथे अडेल ते रीडमीत लिहा. त्याच्याकडून सेवा उभी राहिली की अर्जात दुवा द्या.

वर्गाला येताना काय आणू?

लॅपटॉप, शक्यतो ८ जीबी मेमरीचा, आणि चार्जर. डॉकर आणि टेराफॉर्म घरूनच बसवून या. पायथॉन आणि पोस्टग्रेसच्या मूळ इमेज आदल्या रात्री उतरवून ठेवा: डॉकर हब लॉगिनशिवायच्या डाउनलोडवर आयपी पत्त्यानुसार मर्यादा घालतं, आणि वर्गात सगळे एकाच वायफायवर असतात.